अक्कलहुशारीने लिहून देणार

मा. जिल्हाधिकारी, जळगाव
आणि
मा. जिल्हाधिकारी, धुळे
यांस अनावृत पत्र



आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत जी खरेदीखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे आणि कुलमुखत्यारपत्रे नोंदली जातात, त्यांतील बहुतेकांच्या अखेरीस, साक्षीदारांच्या सह्यांच्या किंचित वर, एक मजकूर ठरल्याप्रमाणे येतो: हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देत आहे. दस्तलेखकाने तो इतक्या वेळा लिहिलेला असतो, आणि आता तर संगणकातून तो आपोआपच उमटत असतो, की लिहून देणाऱ्याने तो ऐकला काय, ऐकून समजला काय, किंवा समजण्याजोगी त्याची बुद्धी त्या दिवशी ठिकाणावर होती काय, हा प्रश्न त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या एकाही इसमास पडत नाही. त्याची ओळख पटवितात, आधार क्रमांक पाहतात, छायाचित्र काढतात, अंगठा घेतात; तो हयात आहे आणि तो तोच आहे, एवढ्याची रुजुवात झाली की सरकारचे समाधान होते. महसुली दप्तरात आयुष्य घालविलेला मनुष्य या रुजुवातीची किंमत कमी लेखणार नाही. तोतया उभा करून दुसऱ्याची जमीन लाटणे किती सोपे असते हे त्याने पाहिलेले असते. परंतु जो तोतया नाही, जो स्वतः चालत आलेला आहे, स्वतःचाच अंगठा उठवीत आहे, आणि तरीही व्यवहार समजून घेण्याची शक्ती ज्याच्या ठायी उरलेली नाही, अशा मनुष्यास विचारण्याचा प्रश्नच आपल्या कारभारात नाही. त्या मनुष्याविषयी हे पत्र आहे.

ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांस किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांस न लिहिता आपणांस का लिहिले, याचा खुलासा आधी करतो. स्मृतिभ्रंशाचा विकार दवाखान्यात उघडकीस येण्याच्या पुष्कळ आधी कचेरीत, बँकेत, विकास सोसायटीत आणि रेशनच्या दुकानात उघडकीस येत असतो. भरलेला शेतसारा पुन्हा भरायला येणे, तीच दरखास्त महिन्याभरात दोनदा करणे, हातातल्या नोटा मोजता मोजता मध्येच थांबून त्यांकडे पाहात राहणे, काल सही केलेला कागद आज प्रथमच पाहात आहोत असे शपथेवर सांगणे, या गोष्टी घरच्या माणसांच्या प्रेमळ डोळ्यांना दिसण्यापूर्वी तलाठ्याच्या कोरड्या डोळ्यांना दिसतात. आणि 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तोंडी तयार असल्यामुळे तलाठी तेथेच तपास संपवितो. देशभरातील साठीपुढच्या स्त्रीपुरुषांची रीतसर परीक्षा घेऊन २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे या वयाच्या शंभरांत ७.४ माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, हा विकार आहे; पुरुषांहून स्त्रियांत आणि शहरांहून खेड्यांत तो अधिक आढळला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे जळगाव जिल्ह्यात सुमारे ४२ लाख ३० हजार आणि धुळे जिल्ह्यात सुमारे साडेवीस लाख माणसे होती. दहांतील एक साठीपुढचा धरला आणि तेच प्रमाण येथे लावले, तर दोन्ही जिल्हे मिळून ४६ हजारांच्या घरात आकडा जातो. हा कारकुनी अदमास आहे, पाहणी नव्हे. पण त्याच्या निम्मा जरी खरा निघाला तरी तो इतक्या मालमत्तांचा, इतक्या सातबाऱ्यांचा आणि इतक्या पेन्शन खात्यांचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न निव्वळ वैद्यांचा राहत नाही.

एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या १९०६ साली इंग्रज सरकारने मोठा खानदेश जिल्हा मोडून त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, म्हणजे आपल्या दोघांच्या कचेऱ्या मुळात वेगळ्या झाल्या, त्याच वर्षाच्या ३ नोव्हेंबर रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे भरलेल्या वैद्यांच्या सभेत आलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीची हकिगत निवेदन केली. ही स्त्री १९०१ साली, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली होती. तिला स्वतःचे नावसुद्धा धड लिहिता येईनासे झाले होते, आणि १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पेशींच्या बाहेर साचलेली किटणे आणि पेशींच्या आत पडलेल्या गुंतवळी अल्झायमर यांना दिसल्या. सभेने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक मज्जासंस्थेच्या रचनेबद्दल स्पेनचे रामोन इ काहाल आणि इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांना विभागून मिळाले. आणि मौज अशी, की मेंदू हे एकसंध जाळे आहे असे गॉल्जींचे मत, तर तो सुट्या सुट्या पेशींचा समुदाय आहे असे काहालांचे, आणि पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात गॉल्जींनी आपल्या सहमानकऱ्याच्या सिद्धांतावरच कोरडे ओढले. पुढे काहालच खरे ठरले. दोन पेशी जेथे परस्परांच्या अगदी निकट येतात पण जोडल्या जात नाहीत, त्या संधिस्थानाला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९७ सालीच सिनॅप्स हे नाव दिलेले होते. मधली फट डोळ्यांना दिसण्यास मात्र १९५० नंतरचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करावेत आणि त्यांतील एक उचलावा, एवढी ती फट.

पांझरेच्या काठची जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या फटीचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. बंधाऱ्यावर अडविलेले पाणी पाटात येते, पाटातून चारीत येते. पण शेताच्या तोंडाशी आल्यावर ते आपल्या मनाने आत शिरत नाही, पाटकऱ्याने दारे मोडावे तेव्हा वाफा भिजतो. चेतापेशीच्या लांब तंतूतून धावत आलेला विद्युत्-संकेत त्याचप्रमाणे फटीपाशी येऊन थांबतो; तेथे सूक्ष्म पुटिकांतून एक रासायनिक द्रव्य सुटते, फट ओलांडून ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांवर जाऊन बसते, आणि मगच संकेत पुढे जातो. ज्या दाऱ्याने पाणी वरचेवर जाते ते रुंदावते, ज्याने जात नाही ते गाळाने बुजते. संधिस्थानांचेही असेच घडते हे १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशांच्या मेंदूवरील प्रयोगांनी दाखवून दिले. थोड्याच वेळाच्या जोरकस उत्तेजनानंतर तेथील संधींची ताकद पुढे कित्येक तास वाढलेली राहिली. आपण ज्याला शिकणे म्हणतो आणि लक्षात राहणे म्हणतो, त्याची भौतिक बाजू आजच्या समजुतीप्रमाणे मुख्यतः हीच आहे. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील एकेकीस हजारो संधिस्थाने असतात. तेव्हा दारी किती आणि पाटकरी किती, याची मोजदाद कोणत्याच जमाबंदीस झेपणारी नाही.

आता, निव्वळ वार्धक्याने या व्यवस्थेचे काय होते आणि रोगाने काय होते, हा भेद आपल्या कारभाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. वय वाढले की मेंदूतील पेशी रोज हजारोंनी मरत जातात, ही समजूत लोकांत अद्याप प्रचलित असली तरी शास्त्राने ती केव्हाच मागे टाकली आहे. निरोगी वृद्धाच्या मेंदूत पेशींची संख्या बरीचशी शाबूत राहते. कपाळामागच्या भागात, जेथे नवीन गोष्ट तात्पुरती धरून ठेवून तिच्यावर विचार चालतो, तेथील काही संधिस्थाने, विशेषतः नव्या शिक्षणाला उपयोगी पडणारी बारीक आणि लवचीक अशी, गळतात, असे म्हाताऱ्या माकडांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे. परिणाम असा होतो, की पंचाहत्तरीच्या जिभाऊंना समोरच्याचे नाव चटकन आठवत नाही, दोन माणसे एकदम बोलू लागली तर त्यांचा गोंधळ उडतो, मोबाइलमधली नवी खटपट त्यांच्या गळी उतरत नाही. परंतु शब्दसंग्रह कमी होत नाही, माणसांची पारख कमी होत नाही, आणि चुलत्यापुतण्यांचा बांधाचा तंटा कोठे मिटवावा हे त्यांना तरुण वकिलापेक्षा अधिक कळते. यात रोग नाही. अशा मनुष्यास केवळ मंदावला म्हणून असमर्थ ठरविणे हा अन्याय होईल.

अल्झायमर यांचे नाव लागलेल्या स्मृतिभ्रंशाच्या विकारात जे घडते ते निराळ्या जातीचे असते. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे कण किटणाच्या रूपाने साचण्यापूर्वीच, बारीक बारीक पुंजक्यांच्या अवस्थेत असताना, संधिस्थानांच्या कामात व्यत्यय आणू लागतात; पेशींच्या आत टाऊ नावाचे दुसरे प्रथिन गुंता करून बसते; आणि मेंदूतील सफाईचे काम करणाऱ्या ज्या पेशी बालपणी जास्तीची संधिस्थाने खुडून मेंदूला घडवितात, त्याच पेशी आता चालती संधिस्थानेही गिळू लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०१६ साली पुढे आले. रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून असे दाखविले होते, की जिवंतपणी त्या रुग्णाची बुद्धी किती क्षीण झाली होती याचा मेळ किटणांच्या संख्येशी तितकासा बसत नाही. तो बसतो गमावलेल्या संधिस्थानांशी. उलट बाजूने, १९८८ साली अमेरिकेत अशा वृद्धांची नोंद झाली की ज्यांच्या मेंदूत किटणे भरपूर होती आणि बुद्धी मात्र अखेरपर्यंत स्वच्छ होती. आणि ही सर्व पडझड दीड-दोन दशके मुकाट्याने चाललेली असते. ज्याला आपण आज प्रथम विसरताना पाहतो, त्याच्या मेंदूत हे काम तो नोकरीत असताना, किंवा खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन कपाशीत फिरत असताना, सुरू झालेले असते.

या मंद गतीमुळे जी एक गोष्ट होते ती आपल्या निबंधकांना माहीत असणे जरूर आहे. अल्झायमरच्या पहिल्या टप्प्यात मनुष्याच्या सभ्यपणाच्या सवयी मोडत नाहीत. तो उठून नमस्कार करतो, 'बसा साहेब' म्हणतो, पावसापाण्याचे बोलतो, विनोदावर हसतो, आणि ज्याचे उत्तर 'हो' असे अपेक्षित आहे त्या प्रत्येक प्रश्नास 'हो' म्हणतो. 'आप्पा, दस्त तुम्हीच करून दिला ना?' हो. 'पैसे मिळाले ना?' हो. 'कोणाची जबरदस्ती नाही ना?' आहे असे तो कसा म्हणेल, तोंडाकडे पाहून तो योग्य तेच उत्तर देतो. बाहेर पायरीवर आल्यावर त्यालाच विचारावे, की आपण येथे कशासाठी आलो होतो, तर तो कदाचित म्हणेल, बाजार होता. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या बारीक नसा बुजल्याने जो भ्रंश होतो त्यात बुद्धी पायरीपायरीने उतरते. आणि ल्यूवी पुंजक्यांचा म्हणून जो आणखी एक प्रकार आहे, त्यात तर तोच मनुष्य सोमवारी चोख आणि मंगळवारी भ्रमिष्ट असतो. दस्त कोणत्या वारी झाला यावर मग घराचे दैव ठरते.

कायद्याला ही गोष्ट अगदीच अपरिचित आहे असे नाही, आणि यातच मला आपल्या कारभाराचा खरा दोष दिसतो. १८७२ च्या करार अधिनियमाचे बारावे कलम सांगते, की एरवी अस्थिरबुद्धी पण मधूनमधून स्थिरबुद्धी असणारा मनुष्य स्थिरबुद्धी असेल तेव्हा करार करू शकतो, आणि एरवी शहाणा असणारा मनुष्य तापाच्या वाताने बरळत असेल तेव्हा करू शकत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या मसुदाकारांनी दिवस आणि वेळ यांना दिलेले हे महत्त्व आजच्या मज्जाशास्त्रज्ञासही मान डोलवायला लावील. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाचे पस्तिसावे कलम, जुन्या आणि आज कानाला बोचणाऱ्या शब्दांत का होईना, निबंधकाला नोंदणी नाकारण्याचा अधिकार देते. पण अधिकार आहे आणि त्याच्या अंमलाची तजवीज नाही, असे हे कलम आहे. समोरचा मनुष्य बुद्धी ठिकाणावर नसलेला 'दिसला' तर नाकारावे असे ते म्हणते, आणि वर सांगितल्याप्रमाणे या विकाराचा मनुष्य तसा दिसत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाने, देखभालीच्या अटीवर मालमत्ता घेऊन मग वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांकडून ती परत मिळविण्याचा मार्ग तेविसाव्या कलमात ठेवला, आणि आपले प्रांताधिकारी त्या न्यायाधिकरणाचे काम पाहतात. परंतु तो मार्ग ज्याला आपण काय दिले हे आठवते त्याच्यासाठी आहे. जो स्वतःहून येऊ शकत नाही त्याने दुसऱ्यास अधिकृत करावे, अशी सोय पाचव्या कलमात निर्वाहाच्या अर्जासाठी आहे. ज्याला आपले घर कोणाच्या नावे लागले हेच माहीत नाही, त्याने कोणाला अधिकृत करावे? त्याच कलमाने न्यायाधिकरणास निर्वाहाच्या बाबतीत आपण होऊन दखल घेण्याची मुभा दिली आहे. ती आपल्या प्रांतांनी वापरावी, असा लेखी हुकूम आपण दोघांनी काढावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती निबंधक खात्यास आपण पत्र लिहावे, ही. साठीपुढच्या प्रत्येकाकडून बुद्धी शाबूत असल्याचा वैद्यकीय दाखला मागावा, अशी सूचना मी मुळीच करणार नाही, आणि कोणी केली तर तिला विरोध करीन. तसा दाखला सक्तीचा झाला की तो विकत मिळू लागेल, हा एक भाग. आणि दुसरा, अधिक भयंकर, असा की ज्या म्हाताऱ्याने मुलांच्या इच्छेविरुद्ध एकुलत्या मुलीच्या नावे दोन एकर करायचे ठरविले त्याला दाखला न मिळण्याची व्यवस्था मुले करतील. रोगाचे निदान झाले म्हणजे मनुष्याचे सर्व अधिकार संपले असेही नाही. पहिल्या टप्प्यातला रुग्ण आपले मृत्युपत्र पूर्ण समजून करू शकतो, किंबहुना त्याने ते तेव्हाच करून ठेवावे. मला हवे आहे ते एवढेच, की निबंधकाने लिहून देणाऱ्यास पाच मिनिटे एकट्याने, लिहून घेणाऱ्यास आणि दलालास बाहेर बसवून, भेटावे. आणि 'हो' किंवा 'नाही' या उत्तराचा एकही प्रश्न विचारू नये. आज काय करायला आलात? कोणते शेत, कोणत्या शिवारातले? ते कोणाला देता आहात? त्यानंतर तुमच्यापाशी काय उरेल, आणि तुम्ही कोणाकडे राहाल? ज्यांना देत नाही अशी आणखी कोण माणसे घरात आहेत? १८७० सालच्या एका प्रसिद्ध इंग्रजी निवाड्याने मृत्युपत्र करणाऱ्याविषयी जवळपास हीच कसोटी घालून दिली: आपण काय करीत आहोत, आपल्यापाशी किती आहे, आणि आपल्यावर हक्क कोणाचा आहे, एवढे त्याला समजत असावे. उत्तरे आली नाहीत तर नकार देण्याची घाई नको. आठ दिवसांची मुदत द्यावी आणि दरम्यान शासकीय रुग्णालयात पाठवावे. उत्तरे आली तर ती त्याच्याच शब्दांत टिपून दस्तास जोडावीत. उद्या दिवाणी न्यायालयात तो एक कागद साक्षीदारांच्या दहा जबान्यांपेक्षा अधिक कामाचा ठरेल.

हे प्रश्न कोणत्या भाषेत विचारावयाचे, याबद्दल मात्र मला पाल्हाळ करावयाचे आहे, कारण खानदेशात सगळा प्रश्न येथेच अडतो. बुद्धीच्या परीक्षेची जी सर्वांत प्रचलित पद्धत १९७५ साली अमेरिकेत तयार झाली तीत ३० गुण असतात, आणि त्यांत एखादे वाक्य लिहिणे, लिहिलेली सूचना वाचून ती पाळणे, शंभरातून सात सात वजा करीत जाणे, दोन पंचकोन काढणे अशी कामे असतात. साक्री तालुक्यातील ज्या बाईने आयुष्यात पाटी धरली नाही तिला ही परीक्षा द्या. तिची बुद्धी कितीही तल्लख असो, कागदावर ती स्मृतिभ्रंशाची रुग्ण ठरेल. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांना हीच अडचण आली तेव्हा त्यांनी १९९५ च्या सुमारास निरक्षरांसाठी हिंदी परीक्षा निराळी बांधली: वाचायला देण्याऐवजी 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा', लिहायला सांगण्याऐवजी 'तुमच्या घराविषयी काही सांगा'. आपल्याकडे असे काम व्हावयास हवे. येथे ऋतूचे भान आहे की नाही हे इंग्रजी महिना विचारून कळणार नाही. आखाजी होऊन किती दिवस झाले, कानबाई यंदा बसल्या काय, सरकी पेरली की अजून रान मोकळेच आहे, असे विचारावे लागेल. आणि तेही 'आज कोणता वार आहे' अशा छापील मराठीत विचारून भागणार नाही. 'आज कोनता वार शे?' असे अहिराणीत विचारले की त्याच डोळ्यांत ओळख येते. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या अंगाला पावरी आणि तडवी भिल्लांची भाषा, भुसावळात हिंदी आणि उर्दू. आपल्या दोन जिल्ह्यांना एका प्रश्नावलीने काम करता येईल असे ज्यांना वाटते त्यांनी चोपड्याहून शिरपूरपर्यंतचा एक फेरा बसने करून यावे.

या बहुभाषिकतेला आणखी एक अंग आहे आणि ते समाधानाचे आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली असे प्रसिद्ध केले, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत विकाराची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली, आणि हा फरक अक्षरशत्रू असलेल्यांतही टिकून राहिला. सर्वच संशोधकांना सर्व ठिकाणी तो सापडलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या संशोधनात शाळेचा प्रभाव वेगळा काढता आला ते भारतात झाले, याचे कारण लिहिता वाचता न येता तीन भाषांत सौदा करणारी माणसे आपल्याकडे मुबलक आहेत. घरी अहिराणी, कचेरीत मराठी, बाजारात हिंदी आणि सुरतेकडच्या व्यापाऱ्याशी गुजराती, असा आमचा शेतकरी दिवसातून चार वेळा भाषा पालटतो, आणि प्रत्येक पालटात कपाळामागच्या त्या संधिस्थानांना कामाला लावतो. त्याला अशिक्षित म्हणून परीक्षेत नापास करणारी पद्धत आणायची की त्याच्या बुद्धीची साठवण मोजू शकणारी, हे आपण ठरवावे.

जिच्या नावाने जळगावचे विद्यापीठ २०१८ पासून ओळखले जाते त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हते. असोदे गावी १८८० साली जन्मलेली ही स्त्री शेतात आणि जात्यावर गाणी रचीत गेली आणि ती रचलेली गाणी तिने स्वतःच्या स्मृतीत वागविली. मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी त्यांतील जी टिपून ठेवली तेवढीच राहिली, आणि १९५१ च्या डिसेंबरात ती गेल्यावर पुढच्या साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. पाश्चात्त्य परीक्षेच्या वाक्य लिहा, सूचना वाचा या दोन रकान्यांत या बाईस शून्य गुण पडले असते. त्याच विद्यापीठाच्या भाषा आणि मानसशास्त्राच्या अध्यापकांकडे, आपल्या जिल्हा नियोजन समितीच्या रकमेतून, अहिराणी, लेवा गणबोली आणि पावरी अशा तीन परीक्षा बांधण्याचे काम द्यावे. ही तिसरी विनंती, आणि तिन्हींत मला सर्वांत जवळची.

औषधोपचाराविषयी थोडक्यात लिहितो. अल्झायमरची पडझड उलटविणारे औषध नाही. १९९६ पासून वापरात असलेले डोनेपेझिल फटीतील ॲसिटिलकोलिन लवकर नष्ट होऊ न देता उरलेल्या संधींकडून थोडे अधिक काम करून घेते, इतकेच. याच कारणाने त्याच्या उलट काम करणारी औषधे म्हाताऱ्यांच्या बुद्धीला अपाय करतात, आणि सर्दीच्या किंवा झोपेच्या नावाने औषधी दुकानांतून विचारपूस न करता दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या त्याच जातीच्या असतात. जो भ्रंश वाटतो तो सर्वच भ्रंश नसतो: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत फार आढळते, थायरॉईडची मंदी, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, खोल विषाद, यांतील प्रत्येक ओळखता येतो आणि पुष्कळदा बरा करता येतो. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिसावर गेला असता जो म्हातारा दोन दिवसांत एकाएकी बरळू लागतो त्याला स्मृतिभ्रंश नव्हे, वात झालेला असतो; पाणी, क्षार आणि लघवीतला जंतुसंसर्ग तपासून त्याला त्याच दिवशी रुग्णालयात हलविले पाहिजे, 'वयच झाले' म्हणून ओसरीवर ठेवता कामा नये. आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मंडळाने २०२४ साली १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर शंभरांतील ४५ रुग्णांचा विकार टळेल किंवा लांबेल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांची नावे आपण ऐकलीच असतील. त्यांच्या पंक्तीत मध्यम वयातले बहिरेपण बसलेले आहे, इकडे लक्ष वेधतो. जिनिंगच्या खोल्यांत, डाळ मिलांत, अमळनेर-धुळ्याच्या जुन्या गिरण्यांत आणि भुसावळच्या लोकोशेडमध्ये ज्यांनी कान घालविले ती माणसे आज सत्तरीत आहेत. त्यांना ऐकू येत नाही म्हणून कोणी बोलत नाही, कोणी बोलत नाही म्हणून मेंदूला काम नाही, आणि उत्तर चुकीचे दिले की घरचे म्हणतात, भ्रमले.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशाच्या वाट्याला एकही नाही, आणि या कामासाठी ते नकोही आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या बाह्यरुग्ण विभागांत आठवड्यातून एक वार स्मृतितपासणीसाठी राखून ठेवावा, त्याच दालनात कानांची तपासणी आणि बी-१२ची चाचणी व्हावी, आणि निबंधकाने मुदत देऊन पाठविलेल्या मनुष्यास त्या दिवशी रांगेत उभे न करता आत घ्यावे. वृद्धांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद २००७ च्या अधिनियमाच्या विसाव्या कलमात आहेच. दरम्यान घरच्या माणसांना कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक प्रत्येक तलाठी सज्जाच्या फलकावर लावण्यास खर्च काही नाही.

हा सर्व बेत एकदम दोन्ही जिल्ह्यांत न आणता, जळगावकरांनी रावेर आणि धुळेकरांनी साक्री, असा एकेक तालुका निवडून वर्षभर चालवून पाहावा. वर्षाअखेर किती दस्तांना मुदत पडली, त्यांतील किती पुन्हा आले आणि किती पुन्हा आलेच नाहीत, हा आकडा प्रसिद्ध करावा. जे पुन्हा आले नाहीत त्या प्रकरणांत लिहून घेणार कोण होते, हे पाहण्याची मला उत्सुकता आहे.

कळावे, ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त महसूल कारकून